रोपवे, द्रुतगती रेल्वे आणि काशीची कष्टकरी जनता

(वाराणसी येथे पक्षसभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहरी सार्वजनिक वाहतुकीचा देशातील पहिला रोपवे म्हणून ज्याचा डंका पिटला गेला, त्या प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधानांनी 24 मार्च 2023 रोजी या शहरात केली. कँट स्थानक ते गोदौलिया, सुमारे पावणेचार किलोमीटर अंतर, पाच स्थानके आणि सुमारे 645 कोटी रुपये खर्च. या प्रकल्पाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण यंत्राचे वैरी नाही. रोपवेची निवड निव्वळ हौसेपोटी झाली, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. येथे आधी सुमारे 29 किलोमीटरच्या मेट्रोचा आराखडा तयार झाला होता. तो कागदावरच राहिला. जुन्या काशीच्या गल्ल्यांत रस्ता रुंद करावयाचा म्हणजे घरे पाडावयाची. जमिनीखाली जावे, तर गंगेच्या गाळाची माती आणि शेकडो वर्षांच्या इमारतींचे पाये. जेम्स प्रिन्सेपने 1820 च्या दशकात बांधलेला भुयारी नाला आजही शहराच्या पोटात आहे. अशा ठिकाणी मोजक्या मनोऱ्यांवर उभा राहणारा दोर सोयीचा वाटला, तर त्यात नवल नाही.

प्रश्न सुरू होतो तो त्यापुढे. एका तासात एका दिशेने 3,000 प्रवासी, ही या रोपवेची आखलेली क्षमता. दोन्ही दिशा व सोळा तास धरले की दिवसाला 96 हजारांचा जाहिरातीतील आकडा निघतो. पण त्यासाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक पाळणा भरलेला असला पाहिजे! मी मुंबईहून आलो आहे. गर्दीच्या वेळी आमची बारा डब्यांची एकच लोकल चार हजारांहून अधिक माणसे वाहून नेते. म्हणजे रोपवे हा पूरक मार्ग होऊ शकेल. शहराच्या वाहतुकीचा कणा तो होऊ शकत नाही. कणा म्हणजे बस, आणि तिच्याविषयी कोणी पायाभरणी समारंभ करीत नाही.

आता बोलिव्हियाकडे पाहा. तेथे इव्हो मोरालेस यांच्या सरकारने 2014 मध्ये ला पाझ शहरात रोपवे सुरू केला. तंत्र जवळपास हेच. पण वरच्या पठारावरील एल आल्तो ही आदिवासी श्रमिकांची वस्ती खालच्या शहराशी जोडणे हे त्याचे उद्दिष्ट होते. सरकारी कंपनीने तो चालविला आणि पुढे दहा मार्गांचे जाळे विणले. काशीतील दोर मात्र रेल्वे स्थानकावरून निघतो आणि विश्वनाथ मंदिराच्या वाटेवर संपतो. मदनपुऱ्याचे विणकर गोदौलियापर्यंत चालत येऊ शकतील, हे खरे; पण अलईपुरा, बजरडीहा, लोहता येथील विणकराला या दोराचा काय उपयोग? यात्रेकरूंची सोय व्हावी, यात आक्षेपार्ह काही नाही. अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये मंदिर पुन्हा उभारले, तेव्हापासून आपल्याकडील कष्टकरी यात्रेकरूही येथे येत आहेत. परंतु सार्वजनिक पैशाने उभारलेल्या मार्गाची दिशा केवळ पर्यटनाच्या बाजारपेठेने ठरवावी काय?

शिवाय हा प्रकल्प हायब्रिड अ‍ॅन्युइटी पद्धतीचा आहे. तिचा अर्थ सोप्या शब्दांत असा की, सरकार काही रक्कम बांधकाम चालू असताना देते आणि उरलेली पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी. प्रवासी येवोत वा न येवोत, हप्ता चुकत नाही. धोका जनतेचा, नफा कंत्राटदाराचा! आणि जमीन? रीतसर संपादन न करताच आपल्या मालमत्तेवर बांधकाम चालविल्याची तक्रार घेऊन येथील रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाला ‘जैसे थे’चा आदेश द्यावा लागला.

रेल्वेची कथा निराळी नाही. दिल्ली–वाराणसी ही पहिली वंदे भारत गाडी 15 फेब्रुवारी 2019 रोजी धावली. ताशी 180 किलोमीटरचा वेग चाचणीत गाठणारी गाडी सेवेत आली ती ताशी 130 च्या मर्यादेने, कारण रूळ व सिग्नल त्या तयारीचे नव्हते. आणि तिला अनारक्षित डबा नाही. पूर्वांचलचा मजूर मुंबई-सुरतेला जातो तो ज्या डब्यातून, त्या डब्यांचा प्रश्न तसाच आहे. जानेवारी 2021 मध्ये दिल्ली–वाराणसी द्रुतगती मार्गासाठी हेलिकॉप्टरमधून पाहणी सुरू झाली. आकाशातून जमीन मोजता येते. तिच्यावर कसणाऱ्याची संमती मोजता येत नाही. मुंबई–अहमदाबाद मार्गावर पालघरच्या आदिवासी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. 2017 च्या पायाभरणीच्या वेळी जाहीर केलेली 15 ऑगस्ट 2022 ही मुदत केव्हाच उलटून गेली. राजघाटचा 1887 चा पूल मात्र दीड शतकाच्या उंबरठ्यापर्यंत भार वाहत राहिला. त्याच्या शेजारी नव्या पुलाला मंजुरी मिळाली ती ऑक्टोबर 2024 मध्ये!

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. रोपवेचे भाडे सहा आसनी रिक्षापेक्षा अधिक नसावे आणि कामगार-विद्यार्थ्यांना मासिक पास मिळावा. पाचही स्थानकांवर सायकलरिक्षा व ई-रिक्षाचालकांना हक्काचे थांबे हवेत. अलईपुरा व बजरडीह्यापर्यंत बस हवी, लांब पल्ल्याच्या गाड्यांना वाढीव सामान्य डबे हवेत. ही पत्रके हिंदीबरोबर उर्दूतही छापावीत आणि विणकरांच्या गल्ल्यांतील वाटपाला आधी हात घालावा.