परदेशातले भाड्याचे घर आणि घरचा कुत्रा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हा विषय सांगितला, आणि ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. वेतन, बोनस, कामाचे तास यांवर बोलणारा माणूस कुत्र्यामांजरांवर काय बोलणार, असे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिले होते. परंतु आम्ही कुत्र्यावर बोलायला आलेलो नाही. आम्ही करारावर बोलायला आलो आहोत, आणि करार वाचण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले आहे.

हकीकत अशी. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मुंबईचे आणि या शहराचे भगिनीशहराचे नाते 1968 पासूनचे आहे. आमच्या संघटनेतील एका जुन्या कामगाराची मुलगी परिचारिका होऊन तिकडे निघाली. तिच्या घरी बंड्या नावाचा एक गावठी कुत्रा. बाप वारल्यावर त्या पोरीने त्याच्याच आधाराने दिवस काढलेले. तिने विचारले, "काका, नोकरीचा करार तुम्ही वाचलात, बंड्याचे काय?"

आम्ही पुस्तके आणि कागदपत्रे घेऊन बसलो. पहिली गोष्ट कळली ती ही की, घर शोधण्याच्या कितीतरी आधी कुत्र्याची तयारी सुरू करावी लागते. आधी त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवायची, मगच रेबीजची लस टोचायची. हा क्रम उलटला तर ती लस जमेस धरीत नाहीत. लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे. आणि त्या रक्ताच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे, कारण भारताचे नाव त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही. म्हणजे चार महिने गेलेच. शिवाय काही लढाऊ जातींचे कुत्रे, उदाहरणार्थ पिट बुल, जर्मनीत आणायलाच 2001 पासून बंदी आहे. आमच्या बंड्याला जातच नसल्यामुळे तो यातून सुटला. जात नसण्याचा असा फायदा आम्ही प्रथमच पाहिला!

दुसरी अट अधिक फसवी. मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर पडता कामा नये. पडले तर व्यापारी मालाचे नियम लागू होतात. "मी आधी जाते, घर मिळाले की आई त्याला पाठवील," हा पोरीचा बेत तिथेच कोसळला. घर मिळाल्यावर रजा काढून तिने स्वतः परत यायचे आणि त्याला घेऊन जायचे, असे ठरले. विमानाचे जादा भाडे पडणार होते, पण इलाज नव्हता.

आता घराविषयी. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात. म्हणून तेथे भाडेकरूंच्या संघटना आहेत, आमच्या कामगार संघटनांसारख्या. वर्गणी भरा, सल्ला घ्या. त्यांचा मध्यवर्ती संघ 1900 साली लाइपझिग येथे स्थापन झाला. आणि कार्ल्सरूहे येथील त्यांच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 साली एक निकाल दिला आहे. गेल्सनकिर्शन गावात एका कुटुंबाने जेमतेम 20 सेंटिमीटर उंचीचा कुत्रा घरात आणला. सभासदाने कुत्रा-मांजर पाळू नये असे करारात लिहिलेले होते, आणि चार आठवड्यांत कुत्रा काढा, अशी नोटीस आली. नोटीस देणारी घरमालक संस्था सभासदांची! सहकाराचे गोडवे आम्हीही गातो, म्हणून हे आवर्जून सांगितले. न्यायालय म्हणाले, छापील करारातील असे सरसकट बंदीचे कलम टिकत नाही. जनावर केवढे, कसे, घर केवढे, शेजाऱ्यांना त्रास काय, हे तोलून प्रत्येक प्रकरणी ठरवावे. पिंजऱ्यातला पक्षी किंवा काचेच्या पेटीतले मासे यांना तर परवानगीच लागत नाही.

हे वाचून आम्ही खूष झालो आणि पोरीला सांगून मोकळे झालो की, कायदा तुझ्या बाजूने आहे. इथेच आमची चूक झाली.

ती गेली, रुग्णालयाने दिलेल्या खोलीत राहून घरे पाहू लागली. एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. घर पसंत होते, मालकालाही ती पसंत होती. छापील कराराबरोबर एक वेगळा, हाताने लिहिलेला कागद होता: उभयतांनी चर्चा करून ठरविले आहे की, भाडेकरू कुत्रा ठेवणार नाही. "काका, सही करू का? नंतर आणीन बंड्याला. कायदा आहे ना?"

मंडळी, छापील अटीपेक्षा असा कागद वेगळा. दोघांनी बोलून ठरवलेली अट न्यायालय सहसा मोडीत नाही. गिरण्यांच्या दारात नोकरीच्या गरजेपोटी कोऱ्या कागदावर अंगठे देणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आम्ही म्हणालो, "पोरी, सही करू नकोस. उद्या तिथल्या भाडेकरू संघटनेत जा." तिथेही तिला तेच सांगण्यात आले. तिने मालकाला ती ओळ खोडायला सांगितली. मालकाने काही न बोलता घर दुसऱ्याला दिले.

ते त्याला करता येत होते. करार झालेल्या भाडेकरूला कायद्याचे छत्र आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते जवळजवळ नाही. रोजंदारीच्या कामगाराचे आणि कायम कामगाराचे जे अंतर, तेच हे. पुढे सहा आठवडे तिला घर मिळाले नाही, आणि त्या सहा आठवड्यांत आम्हांला धड झोप नव्हती. सल्ला बरोबर होता. किंमत मात्र तिने मोजली.

कोणी म्हणेल, आपल्या गावात माणसांना घर मिळत नाही, जात आणि ताटातले अन्न विचारून दारे लावली जातात, तिथे कुत्र्याची काय कथा? प्रश्न रास्त आहे. पण दार लावणारा तोच असतो, कारण तेवढे बदलते. आपल्याकडेही गृहसंस्थेला बहुमताने जनावरांवर बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने 2015 साली कळविले आहे. किती संस्थांच्या फलकावर ते लागले?

अखेर तिने अर्जाची रीत बदलली. पगाराच्या पावत्यांबरोबर बंड्याचे छायाचित्र, लशीची नोंद आणि कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा विमा, असे सगळे पहिल्याच भेटीत पुढे ठेवू लागली. आगगाडीने थोड्या अंतरावरच्या एसलिंगेन गावी एका वृद्ध बाईंनी होकार दिला, आणि तो करारात लेखी दिला. अनामत म्हणून त्यांनी तीन महिन्यांचे भाडे मागितले, तेही तापवणीचा खर्च वगळून. कायद्याने याहून अधिक घेता येत नाही, कुत्र्यासाठी वेगळी अनामत म्हणूनही नाही. आणि ती तीन हप्त्यांत देता येते. हे हप्त्यांचे तिला कुणी सांगितले नव्हते, आम्ही सांगितले. तेवढीच आमची भरपाई.

रजा काढून ती आली, बंड्याला घेऊन गेली. महिन्याभराने तिने आम्हांला एक छायाचित्र पाठविले. त्या देशात कुत्र्यामागे नगरपालिका वार्षिक कर घेते. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला 120 युरो आहे, गावोगावी दर निराळा. कर भरल्यावर मिळालेला बिल्ला बंड्याच्या गळ्यात होता, आणि खाली तिने लिहिले होते, "काका, आमच्या घरातला जर्मनीचा दुसरा करदाता."