कुंडीतला वड आणि त्याची माती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्याला येत असलेल्या एखाद्या गोष्टीवर प्रत्येकीने चार शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने ठरविले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याइतका माझा अभ्यास नाही. पण गेली बारा वर्षे मी पसरट कुंडीत वड, उंबर, नांद्रुक असे बुटके वृक्ष वाढवीत आहे. जपानी लोक यालाच बोन्साय म्हणतात. त्याच्या मातीविषयी मी आज बोलणार आहे.

आपली काळी माती शेतात लक्ष्मीच आहे. ती पाणी धरून ठेवते, म्हणून त्यावर ज्वारी पिकते. पण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. चार बोटे खोल कुंडीत आषाढात तिचा नुसता चिखल होतो. मुळांनाही हवा लागते. ती मिळाली नाही की ती कुजतात. वैशाखात हीच माती दगडासारखी होऊन कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून निघून जाते व झाड तहानलेलेच राहते.

पसरट कुंडीत पाणी जास्त का साचते, हे घरी करून पाहा. भांडी घासायचा जाड स्पंज भिजवून हातावर आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून पाणी निथळले. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज. म्हणून तिची माती भरड, दाणेदारच हवी.

हे सर्व सांगण्याचे कारण आहे. आपल्यातल्या एका भगिनीची दोन झाडे लागोपाठ दोन पावसाळ्यांत गेली. घरात बोलणे झाले, "हिच्या हाताला गुण नाही, हिने झाडाला हात लावू नये." बिचारीने तुळशीला पाणी घालणेही सोडले. मी तिची कुंडी उपडी करून पाहिली, तो आत काळी माती गच्च बसलेली आणि मुळे कुजलेली! गेल्या जूनमध्ये तिनेच आपल्या हाताने नव्या मातीत नांद्रुक लावला. सारा पावसाळा काढून आज तो पानांनी भरला आहे. भगिनींनो, गुण हाताचा नसतो, मातीचा असतो.

आता माती कशी करावी ते सांगते. जपानात आकादामा नावाची तांबडी दाणेदार माती वापरतात. ती इकडे मागवायची तर फार महाग पडते. आपल्याकडे चांगल्या भाजलेल्या विटेचा चुरा तेच काम करतो. वीट आपल्या छिद्रांत पाणी धरते आणि दाण्यांमधून हवा खेळू देते. कच्ची वीट मात्र घेऊ नये. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवावा. सकाळी बोटांनी चिरडला तर टाकून द्यावा. सिमेंट चिकटलेली वीटही नको.

माझे प्रमाण असे: विटेचा चुरा दोन वाट्या, खडीची कच एक वाटी, जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक वाटी. चुरा व कच चाळून घ्यावी. दाणा मोहरीहून बारीक नको आणि तुरीच्या दाण्याहून मोठा नको. खाली उरलेली पूड मोठ्या कुंड्यांना वापरावी. बोन्सायला ती घातली तर पुन्हा चिखलच. समुद्राची वाळू खारी असते, ती घेऊ नये.

गावाप्रमाणे प्रमाण बदलते. पुण्यास वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीस ३००० च्या वर. म्हणून कोकणात खत निम्मे करून कच वाढवावी. विदर्भाच्या उन्हात नारळाच्या काथ्याचा भुसा मूठभर मिसळावा. बोगनवेलीला कोरडे आवडते, तिला कच अधिक द्यावी.

कुंडी भरल्यावर पाणी घालून पाहावे. ते वर तळ्यासारखे साचून न राहता लगेच खाली उतरले आणि भोकांतून वाहू लागले, तर माती जमली. विटेत व कचेत पोषण नसते, म्हणून वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला निंबोळी पेंडीचे पातळ पाणी द्यावे. उन्हाळ्यात मात्र रोज पाणी घालावे लागते, कधी दोनदाही. एवढी सेवा झाडाला हवीच.

पुढच्या वटपौर्णिमेला तोडलेली फांदी विकत आणण्याऐवजी आपल्या कुंडीतला वड पुजावा, अशी माझी इच्छा आहे. जूनच्या आरंभी विटा फोडायला व चाळायला माझ्या अंगणात यावे. येताना जुनी चाळण आणि डोक्याला बांधायला फडके आणावे. धूळ फार उडते.