वाढदिवसाचा फराळ : सर्व मुलांना चालेल असा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कुणीतरी एखाद्या पाककृतीवर बोलावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपवले. मी नारळाच्या वड्या नाहीतर चकल्या यांवर बोलेन, अशी त्यांची कल्पना असावी. पदार्थ मी सांगणार आहेच, पण त्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. ज्या मुलीच्या बाबतीत ती घडली तिच्या आईला विचारूनच मी बोलत आहे. नाव मात्र घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या नातवाचा पाचवा वाढदिवस होता. शेजारच्या बिऱ्हाडातील मुलगी त्याच्याच वयाची. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. तिची आई कुठेही गेली की मुलीचा डबा बरोबर घेऊन जाई, आणि खरे सांगायचे तर मला ते खटकत असे. आमच्या घरचे चालत नाही की काय, असे मनात येई. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरे," असे मी पुष्कळदा बोलूनही दाखवले होते.

त्या दिवशी मी तिला म्हटले, "डबा आणू नकोस. मी चिवड्यात दाणे घालत नाही, मग तर झाले?" ती बिचारी माझ्या शब्दावर विसंबली. चिवड्यात मी खरोखरच दाणे घातले नाहीत. पण सँडविचची हिरवी चटणी वाटताना ती जरा पातळ वाटली, आणि सवयीने हात कुटाच्या डब्यात गेला. मूठभर कूट चटणीत पडले. तुम्हीच सांगा, आपल्यापैकी किती जणींचा हात असा आपोआप जातो? कोशिंबीर, भरली वांगी, उपासाची खिचडी, पालेभाजी : दाण्याच्या कुटाशिवाय आपले पान हलत नाही.

पोरीने अर्धेच सँडविच खाल्ले असेल. प्रथम ओठ सुजले, मग अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि खोकता खोकता आवाज घोगरा झाला. तिच्या आईने मला विचारले, "काकू, चटणीत काय होते?" आणि भगिनींनो, मी म्हटले, "काही नाही, कोथिंबीर आणि मिरची."

मला आठवले नव्हते असे नाही. आठवले होते. पण घरात वीस माणसे, सारी माझ्याकडे पाहत होती, आणि जीभ उचलेना. मुलीचे वडील तिला उचलून जिना उतरू लागले तेव्हा मी धावत जाऊन सांगितले, "कूट होते. मी घातले होते." मधली दोनतीन मिनिटे गेली ती गेलीच. इस्पितळात डॉक्टरांनी लगेच मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले, रात्रभर नजरेखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मुलगी हसत घरी आली. तिच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण चटणीतल्या कुटापेक्षा ते "काही नाही" मला अजून जास्त टोचते.

त्यानंतर मी या विषयाची माहिती मिळवू लागले. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी योजला. म्हणजे हे थेर आजकालचे नव्हे. शरीराची रक्षण करणारी व्यवस्था एखाद्या निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. दूध न पचणे ही गोष्ट निराळी; त्यात पोट दुखते, वात धरतो, पण जीव धोक्यात येत नाही. ॲलर्जीत तो येऊ शकतो, आणि त्याला चिमूटभर अन्न पुरते. म्हणून "एवढ्याशाने काय होते?" हे वाक्य आपण सोडून द्यावे.

आपल्या स्वयंपाकघरात ज्या बाबतीत फसगत होते त्या सांगते. दाणे भाजल्याने दोष जात नाही, उलट तो वाढू शकतो. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचा अंश राहतो. ज्या भांड्यात कूट केले ते नुसते विसळून भागत नाही. साबणाने घासावे लागते, आणि मिक्सरच्या पात्याखाली तर हमखास काही राहतेच. हातही साबणाने आणि पाण्याने धुवावेत. सॅनिटायझरने दाण्याचा अंश निघत नाही. एकदा दुसरे काही तळलेले तेल वापरू नये. सुट्या फरसाणाला आणि डाळ्यांना दुकानात दाण्याचेच माप लागलेले असते. बंद पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन वगैरे असल्यास तसे लिहिण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे, तेव्हा चष्मा लावून ते वाचावे.

दुधाच्या बाबतीत मी स्वतः फसले असते. तळमजल्यावरच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. मी त्याच्या आईला म्हटले, "मग लाडू साजूक तुपात करते." तेव्हा कळले की तुपातही दुधाचा अंश उरतो. गाईऐवजी म्हशीचे किंवा बकरीचे दूध दिल्यानेही बहुधा भागत नाही. गव्हाची ॲलर्जी असेल तर हिंगाची डबी पाहावी. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

आता फराळाकडे वळते. पुढच्या वाढदिवसाला मी वही घेऊन दोन्ही घरी गेले आणि "काय चालत नाही?" असे विचारून लिहून घेतले. मग ठरवले की वेगळे ताट कुणाचेच मांडायचे नाही. पंक्तिप्रपंच मोठ्यांना टोचतो, तर लहानांना किती टोचत असेल! जे करायचे ते सर्वांनी खायचे.

केकच्या जागी मी आंब्याचे सांदण केले. आपल्या कोकणातला हा पदार्थ. त्यात मैदा नाही, अंडे नाही, लोणी नाही. दोन वाट्या तांदळाचा रवा कोरडाच मंद भाजून घ्यावा. त्यात दोन वाट्या आंब्याचा रस, दीड वाटी चिरलेला गूळ, सव्वा वाटी नारळाचे दूध, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घालून दीड तास झाकून ठेवावे. फार घट्ट झाल्यास थोडे नारळाचे दूध आणखी घालावे. आयत्या वेळी पाव चमचा खाण्याचा सोडा घालून, खोबरेल लावलेल्या पसरट डब्यात अर्धा तास उकडावे. सुरी टोचून कोरडी निघाली म्हणजे झाले. निवल्यावर उलटे करून वर ओले खोबरे पसरावे. आमच्या सांदणावर सहा मेणबत्त्या छान उभ्या राहिल्या. नारळाचे दूध हे नावाचेच दूध, हे मात्र त्या मुलाच्या आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरेल.

तिखटाला बटाटेवडे केले; नव्या तेलात, सर्वांच्या आधी तळले. चटणी ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू यांची, आणि ती पाट्यावर वाटली, कारण पाट्यावर आमच्याकडे कूट कधी होत नाही. पातळ पोह्यांच्या चिवड्यात दाण्यांऐवजी सुक्या खोबऱ्याचे काप आणि भरपूर कढीलिंब घातला. प्यायला कैरीचे पन्हे. जाताना मुलांच्या हाती चॉकलेटऐवजी रंगीत खडूंची पेटी दिली. कुटाचा डबा मी आदल्या दिवशीच माळ्यावर टाकला होता, न जाणो हात पुन्हा जायचा!

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मुलाचे ओठ सुजले, श्वास घेताना त्रास होऊ लागला, आवाज बदलला, तर घरगुती उपाय करत बसू नये. काय खाल्ले ते खरेखरे सांगावे, मुलाला चालवू नये, आणि १०८ ला फोन करून तडक इस्पितळ गाठावे. गांधींवरची गोळी अशा वेळी पुरत नाही; ॲड्रेनॅलिनच लागते. दुसरी गोष्ट, भीतीने सरसकट सर्वच बाळांचे दाणे बंद करू नयेत. लंडनमधल्या ६४० तान्ह्या मुलांवरील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अंगावर तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या त्या मुलांपैकी ज्यांना शेंगदाणे लवकर सुरू केले, त्यांच्यात पुढे ही ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. अर्थात अशा बाळांना काय, केव्हा द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच. आणि अख्खा दाणा तर लहान मुलाला देऊच नये, तो घशात अडकतो.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि सहलीला आपण जो खाऊ करतो त्याच्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे ती चिठ्ठी लावावी. आणि जिने केला तिला कुणी विचारले तर तिने राग मानू नये. मी मानला होता.

गेल्या वाढदिवसाला त्या मुलीने सांदणाचे दोन तुकडे खाल्ले आणि आईला विचारले, "आज माझा डबा कुठे आहे?" तिची आई म्हणाली, "आज काकूंनीच केलाय." मला तेवढे पुरे आहे.