कान्हचे पाणी आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूरच्या स्वच्छतेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. २०२१ मध्ये आपले शहर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. २५ लहान-मोठ्या नाल्यांत मैला सोडणारी १,७४६ सार्वजनिक आणि ५,६२४ घरगुती तोंडे त्यासाठी बंद करण्यात आली. हे काम मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही.

पण नदी शहराच्या हद्दीवर थांबत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून वाहणारी कान्ह सांवेरच्या बाजूने पुढे जाते आणि उज्जैनच्या त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते. आपण जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून नर्मदा वर चढवून आणतो. वापरून झाले की तेच पाणी कान्हच्या वाटेने उज्जैनकरांच्या दारी जाते. ते कसे जाते, हा आजचा प्रश्न.

कबीटखेडीला २४५ दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र आहे. तिथे आधी जाळीने कचरा अडवतात, मग वाळू खाली बसू देतात. त्यानंतर टाकीत हवा सोडतात. त्या हवेवर जगणारे जीवाणू पाण्यातली घाण खातात, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी निर्जंतुक करून सोडतात. यात गुपित काही नाही. मात्र वीज गेली, गाळ वेळेवर उपसला नाही किंवा पावसाचे पाणी ड्रेनेजमध्ये शिरून केंद्राच्या कुवतीपेक्षा जास्त लोंढा आला, की अर्धवट शुद्ध झालेले पाणी नदीत जाते. कारखान्यांची रसायने या जीवाणूंना पचत नाहीत. उलट तीच त्यांना मारतात. म्हणून सांवेर रोडच्या औद्योगिक पाण्यावर वेगळी आणि कडक देखरेख हवी.

आता उज्जैनकडे पाहू. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचे पाणी पाइपातून घाटांना वळसा घालून कालियादेहच्या बाजूला खाली नेले गेले. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठी बंद नलिका गंभीर नदीच्या दिशेने काढण्याचे काम हाती घेतले गेले. भाविकांच्या स्नानापुरती सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण पाइप पाणी शुद्ध करत नाही, फक्त जागा बदलतो. गंभीरही शेवटी क्षिप्रेलाच मिळते. खाली क्षिप्रेच्या काठी महिदपूर आहे. १८१७ मध्ये होळकरांची फौज इंग्रजांशी जिथे लढली, तेच महिदपूर. तिथल्या शेतकऱ्याने आपली घाण का सोसावी?

हा प्रश्न फक्त खालच्या गावांचाही नाही. २०२५ च्या अखेरीस आपल्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. जमिनीखालच्या नळ्यांकडे दुर्लक्ष झाले की पुरस्कार कामी येत नाहीत.

म्हणून आपण चार गोष्टी मागू. प्रत्येक शुद्धीकरण केंद्राचे दर महिन्याचे आकडे झोन कार्यालयात मराठी-हिंदीत लावावेत. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांसाठी बीओडीची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम ठरवली. मोजणी तिच्याशी ताडून दाखवावी. कान्ह शहराबाहेर पडते तिथे आणि त्रिवेणीवर उज्जैनच्या नागरिकांसमक्ष नमुने घ्यावेत. पावसाची गटारे आणि मैल्याच्या नळ्या वेगळ्या कराव्यात. पिण्याच्या नळाजवळून ड्रेनेज जाते तिथली तपासणी आधी व्हावी.

आणि एक काम आपले स्वतःचे. आपले जुने वाडे, जुन्या मोऱ्या कुठे जोडलेल्या आहेत हे किती घरांना ठाऊक आहे? येत्या महिन्यात प्रत्येकाने प्लंबर बोलावून ते पाहून घ्यावे. मोरी नाल्यात जात असेल, तर निगमकडे अर्ज करण्यास मंडळ मदत करील.

महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी पुन्हा उभे केले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच क्षिप्रेत आपले सांडपाणी सोडून ते कौतुक शोभत नाही. निगमच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण एकच विचारू : कान्ह शहराबाहेर पडते तिथला या महिन्याचा आकडा किती? ज्याला तो ठाऊक नाही, त्याने तो घेऊन पुन्हा यावे.