गाऱ्हाणे नेमके मांडा



कायदे करणाऱ्यांच्या दारी केवळ संताप घेऊन जाऊ नये, हे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. दि. 9 सप्टेंबर 2017 रोजी हैदराबादेस वस्तू व सेवा कर परिषदेची 21वी बैठक भरली. नवा कर लागू होऊन जेमतेम सव्वादोन महिने लोटले होते. इडलीडोशाच्या पिठावरील कर 18 टक्क्यांवरून 12 वर, तर वाळलेली चिंच व फुटाणे यांवरील कर 12 वरून 5 वर आणण्याचे तेथे ठरले.

सीमाभागास मोलाचा निर्णय मात्र निराळाच. राज्याची हद्द ओलांडून माल विकणाऱ्यास, उलाढाल कितीही अल्प असो, नोंदणी सक्तीची होती. ज्याची पेठच हद्दीपलीकडे, त्या कारागिराने करावे काय? वार्षिक 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या हस्तकला-विक्रेत्यांस हैदराबादेत या सक्तीतून सूट मिळाली.

परिषदेत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. त्याच्यापर्यंत आपला शब्द पोचावयाचा तो आमदारांकरवीच. म्हणून त्यांस भेटाल तेव्हा माल कोणता, कर किती, अडचण कोणती, हे एका कागदावर लिहून न्या; आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका!