बाळ ओकतं, बोल आईला

(नेरूळ येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



बाळाच्या ओकारीचा आणि स्त्रियांच्या हक्कांचा काय संबंध, असं काहीजणींना वाटेल. हा तर डॉक्टरांचा विषय. पण तान्हं मूल पाजल्यावर दूध टाकतं, पाठ ताणून रडतं, रात्र रात्र झोपत नाही, तेव्हा घरात पहिला प्रश्न कोणता येतो? "तू काय खाल्लंस?" मग तिची डाळ बंद, भाजी बंद, फळ बंद. दूध जड आहे, आंबट आहे, पुरत नाही, असे निकाल लागतात. निकाल देणारे बरेच असतात. पहाटे तीनला बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालणारी मात्र एकटीच असते. म्हणून हा आपला विषय आहे.

आधी शरीर समजून घेऊ. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. तान्ह्या बाळात ती वरचेवर सैल पडते. आहार सगळा पातळ, जठर लहान आणि बाळ बहुतेक वेळ आडवं. त्यामुळे प्यायलेलं वर येतं. पाचांपैकी निदान दोन बाळांना हे होतं आणि दहापैकी नऊ बाळांचं वर्षाच्या आत आपोआप थांबतं. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, तर कपडे धुऊन जीव मेटाकुटीला येईल, पण हा आजार नव्हे. आईच्या दुधाचा दोष तर नव्हेच. बाटलीवरची बाळंही ओकतात. ज्या आईला काही कारणाने वरचं दूध द्यावं लागतं, तिलाही गुन्हेगार ठरवू नये.

थोड्या बाळांचा त्रास मात्र खरोखर गंभीर असतो. बाळ पिताना किंचाळतं, तोंड फिरवतं, वजन अडतं, उलटीत रक्त दिसतं. अपुऱ्या दिवसांची बाळं, मेंदूला इजा झालेली बाळं यांच्यात हे जास्त आढळतं. काही खुणा तर अशा, की सकाळची वाट पाहायची नाही: हिरवी उलटी, दीड-दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची दर पाजण्यानंतर जोराने लांब उडणारी उलटी, ताप, फुगलेली टाळू, मलूल पडलेलं बाळ, पोट टम्म फुगणं, श्वास अडकणं. अशा वेळी "सगळीच बाळं ओकतात" म्हणून कुणी परत पाठवलं, तर उठू नका. दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

दवाखान्यात आईचं बोलणं 'घाबरट बाईचं बोलणं' ठरतं. म्हणून पुरावा हातात ठेवा. अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, माता-बाल संरक्षण कार्डावर त्याचा तक्ता असतो. किती वेळा पाजलं, किती वेळा ओकलं, लघवी किती वेळा झाली, हे चार दिवस लिहून न्या. तो कागद नुसत्या तक्रारीसारखा झटकून टाकता येत नाही.

आता औषधांविषयी. दमलेल्या आईबापांना बाटलीतला उपाय हवासा वाटतो, यात नवल नाही. पण या औषधांचा इतिहास पाहा. सिसाप्राइड हे औषध ओकणाऱ्या बाळांना जगभर दिलं गेलं. हृदयाचे ठोके बिघडवतं म्हणून २००० साली अमेरिकेच्या बाजारातून ते निघालं. भारतात बंदी यायला २०११ साल उजाडलं. डॉम्पेरिडोनवर युरोपात २०१४ मध्ये हृदयाच्याच कारणाने निर्बंध आले. रॅनिटिडीन घातक अशुद्धीमुळे २०२० मध्ये अमेरिकेने बाजारातून काढायला लावलं. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळलं गेलं. आणि आम्ल कमी करणाऱ्या औषधाने रडणं तरी थांबतं का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल दिलं, निम्म्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रव्य. दोन्ही गटांत शेकडा ५४ बाळं सुधारली. फरक एवढाच की औषध घेतलेल्या बाळांत गंभीर त्रास जास्त दिसले, विशेषतः छातीचे संसर्ग.

याचा अर्थ औषध कधीच नको असा नाही. अन्ननलिकेला खरी इजा असेल तर ते लागतं. पण ठरावीक मुदतीसाठी, साधारण चार ते आठ आठवडे, आणि नंतर फेरतपासणी. किती दिवस, कशासाठी, गुण आला नाही तर पुढे काय, हे तीन प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे. ग्राइप वॉटर किंवा घुटी घरातल्या कुणाच्या आग्रहाखातर देऊ नका.

आईच्या पथ्याचंही असंच. काही बाळांना गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असते. तशी शंका असेल तर डॉक्टर आईला दूध व दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पाहायला सांगतात. फरक पडला नाही तर ते पुन्हा सुरू करायचे. ही मुदतीची परीक्षा झाली. बाळंतिणीला महिनोन् महिने अर्धपोटी ठेवणं ही परीक्षा नव्हे, शिक्षा आहे.

"तुझं दूध मानवत नाही" या वाक्यामागून डबा येतो, हेही ध्यानात ठेवा. १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्यातल्या दुधाची व आहाराची जाहिरात आणि मोफत नमुने यांवर बंदी आहे. दवाखान्यात असा नमुना मिळाला तर तो कायद्याचा भंग आहे. नोंद करा, गटात आणा.

मग आराम कशाने पडतो? थोडं थोडं, जास्त वेळा पाजावं. मध्येच ढेकर काढावी. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरावं. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट जागेवर. उशी नको, उतरती झोळी नको.

सोपं वाटतं ना? हिशोब करू. दिवसात आठ वेळा पाजणं आणि दर वेळी अर्धा तास उभं धरणं म्हणजे नुसतं धरण्याचेच चार तास. हे तास कुणाचे? आपलं नवी मुंबई शहर बाहेरगावाहून आलेल्या माणसांनी वसलं आहे. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सासर-माहेर दोन्ही लांब, नवरा हार्बरच्या लोकलने पहाटे निघतो. तुर्भ्याच्या वस्तीतल्या घरकामगार बाईला तर महिन्याभरात कामावर जावं लागतं, नाहीतर घर सुटतं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच आहे. पण ती नोकरदार बाईला. घरकामगारणीच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे पाच हजार, तेही कागदपत्रं जमली तर. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही.

बाळाला खांद्यावर धरायला दूध लागत नाही, मैत्रिणींनो. ते काम बाप करू शकतो, आजोबा करू शकतात. सतत रडणारं बाळ सांभाळणाऱ्या आईला झोप मिळाली नाही की तिचं मन खचतं. तिच्या मनात वाईट विचार येऊ लागले तर तिला 'वाईट आई' म्हणू नका; तिच्याजवळ बसा, तिला डॉक्टरकडे न्या, टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन लावून द्या.

तेव्हा आपल्या मागण्या अशा: बापाला पगारी रजा; असंघटित बाईला मजुरीइतका मातृत्व लाभ; वस्तीत पाळणाघर; आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात स्तनपानाचा सल्ला देणारी, ऐकून घेणारी बाई. तोवर गटातल्या दोघीदोघींनी वाटून घ्यावं. जिच्या घरी असं बाळ असेल तिच्याकडे दुपारी दोन तास जायचं. काय खाल्लंस, हे विचारायचं नाही. बाळ आपल्या खांद्यावर घ्यायचं आणि तिला झोपू द्यायचं.