एंजिनाचे पहिले दिवस

अमरावती जिल्ह्यांत चांदूर दोन आहेत. एक बाजाराचें, दुसरें रेल्वेचें. रेल्वेच्या चांदुराला एंजिनाची ओळख नांवांतच लाभली आहे. परंतु प्रस्तुत विषय रुळांवरील एंजिनाचा नसून रस्त्यावरील एंजिनाचा आहे. घरची जुनी मोटार तेल पिऊं लागली, चढणीवर दम टाकूं लागली आणि मागून निळा धूर सोडूं लागली, म्हणजे मालकापुढें दोन मार्ग उरतात: ती भंगारांत देणें, किंवा एंजिन उघडून पुन्हा बांधून घेणें. दुसरा मार्ग पत्करणारानें एक गोष्ट जाणावी. मिस्त्रीचें काम संपतें तेथें एंजिनाची बांधणी संपत नाहीं. तिचा शेवटचा भाग रस्त्यावर, मालकाच्याच हातून पुरा व्हावयाचा असतो.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घ्यावी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. तिच्या एंजिनांत चार सिलिंडर, प्रत्येकाचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर. झिजलेला सिलिंडर किंचित् मोठा कोरून त्यांत नवे पिस्टन व नव्या रिंगा बसवितात, आणि शेवटीं आंतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक, आडव्यातिडव्या चऱ्या पाडतात. त्या चऱ्यांत तेल टिकतें.

बांधणींतील पहिला शत्रु मळ. चऱ्यांत घासणदगडाचे कण अडकलेले असतात. ते नुसत्या रॉकेलनें निघत नाहींत. त्यांस ऊन पाणी व साबण लागतो. मग तेल लावलेल्या पांढऱ्या फडक्यानें सिलिंडर आंतून पुसावा. फडकें स्वच्छ बाहेर येईपर्यंत धुणें थांबवूं नये. तें फडकें जुन्या धुवट धोतराचें असावें. वऱ्हाडांत कापसाला तोटा नाहीं. परंतु सुताचा एक पुंजका तेलाच्या वाटेंत अडकला, तर बेअरिंग तेलावांचून जळून जातें.

मग मापें. प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरांत आधीं एकटी सरकवावी, पिस्टनच्या माथ्यानें सरळ करावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजनें मोजावी. ६८ मिलिमीटर व्यासास ती पाव मिलिमीटरहून किंचित् अधिक लागते. तापल्यावर धातु वाढतो. फट अपुरी असेल तर टोकें एकमेकांस भिडतात व सिलिंडरास ओरखडे पडतात. बेअरिंगची एकेक टोपी आवळल्यावर क्रँक हातानें फिरवून पाहावा. तो अडला, तर कोणत्या टोपीनें अडला हें तत्क्षणीं कळतें. सगळ्या आवळून मग पाहणारास तें कळत नाहीं.

एंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वीं स्पार्क प्लग काढून तें स्टार्टरनें फिरवावें, आणि तेलाचा दाब आल्याची खूण दिसल्यावरच प्लग लावावे. सुरू झाल्यावर तें मंद गतीवर सोडूं नये. नव्या कॅमशाफ्टला व टॅपेटांना या वेळीं उडत्या तेलाची गरज असते. म्हणून मिनिटास दोन हजारांच्या आसपास फेरे ठेवून, गति थोडी कमीअधिक करीत, वीस मिनिटें चालवावें.

यानंतर मालकाची पाळी येते, आणि येथें दोन तऱ्हेच्या चुका होतात. उतावळा मालक त्याच दिवशीं सारें कुटुंब बसवून भरधाव निघतो. अति उष्णतेनें रिंगा व भिंत दोन्हीं खरचटतात. दुसरा काळजीवाहू. तो आठवडाभर दारांत एंजिन नुसतें घुरघुरत ठेवतो. नुकसान त्याचेंहि होतें. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यत्वें जळत्या वायूच्या दाबानें. तो दाब अपुरा पडला, तर चऱ्या गुळगुळीत होतात, रिंगा कधींच बसत नाहींत आणि निळा धूर पुन्हा दिसूं लागतो.

मधला मार्ग चांदुराच्या वेशीबाहेरच आहे. अमरावतीकडे जाणारा रस्ता पोहरा-मालखेडच्या वनांतून जातो. तेथील चढणीवर मध्यम जोर द्यावा, उतरणीवर पाय काढावा. जोरानें रिंग भिंतीस घासून तिच्याशीं जुळते. पाय काढल्यावर सिलिंडरांत पोकळी होऊन तेल वर ओढलें जातें व सुटलेली धातूची पूड धुवून नेतें. एकाच वेगानें लांब पल्ला मात्र गांठूं नये. इंग्लंडांत पूर्वीं अशा मोटारीच्या मागच्या कांचेवर ‘एंजिन रुळत आहे, आपण पुढें जावें’ या अर्थाची पाटी लावीत.

टाकी लावून आणलेल्या जात्याचें पहिलें पीठ घरांत कोणी खात नाहीं. त्यांत दगडाची कच असते. एंजिनाचें पहिलें तेल तसेंच समजावें. पहिल्या पांचशें किलोमीटरांच्या आंतच तें काढून टाकावें. उन्हांत धरल्यास त्यांत चकाकणारी पूड दिसते. व्हॉल्व्हच्या फटी त्याच वेळीं पुन्हा तपासाव्या. पुढें हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत तेलाची पातळी नेमानें पाहावी. ती घटेनाशी झाली कीं रिंगा बसल्या असें समजावें. आणि मग सारें कुटुंब गाडींत घालून खुशाल कौंडण्यपूरचा रस्ता धरावा.